माया

साठाव्या वर्षी मी माझा शेवटचा झगा शिवला.
पास्कूची महिन्याची मिस्सा झाली,
परतताना मरोळ नाक्यावर पाच मीटर पांढरं पॉपलीन घेतलं.
दुकानदार म्हणाला, घरात लग्न आहे का?
म्हटलं, आहे. तारीख ठरायचीय.

बाजूंना दीड-दीड इंच माया सोडली.
आमच्याकडच्या बाया उतारवयात रुंद होतात.
आई दारातून आडवी निघायची,
आणि तेरेजा मावशीला सहा खांदेकरी पुरले नाहीत.

मग डांबरगोळ्या घालून झगा ट्रंकेत, आणि मी मशीनवर.
एकोणीस वर्षं. शाळेचे गणवेश, फादरचे झगे, पडदे,
समोरच्या टॉवरमधल्या पोरींच्या जीन्स आखूड करणं.
दरवर्षी मृतांच्या सणाआधी झगा दोरीवर उन्हाला घालते.
गावठाणातली पोरं विचारतात, कुणाचा?
माझा.
कधी घालणार?
बोलावणं आलं की.

यंदा घालून बघितला
आणि आरशासमोर हसू आवरेना.
खांदे कोपरांशी, गळा छातीखाली,
तंबूत बांबू उभा करावा तशी आत मी.
डॉक्टर म्हणाला होताच, उंची दोन इंच गेली.
कुठं गेली, मी विचारलं.
त्यानं कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या.

त्या रात्री मीच हिशेब मांडला, काय काय गेलं त्याचा.
दाढा सहा.
डाव्या कानातली देवळाची घंटा.
जिना एका दमात चढणं.
आणि (हे आठवायला वेळ लागला)
धाकट्या जावेवरचा राग, चौतीस वर्षं पोसलेला.
एका पहाटे रोझरी म्हणताना शोधला तर जागेवर नव्हता.
कुठल्या दाढेबरोबर निघाला, कोण जाणे.

रोज शाळेला जाताना वरच्या मजल्यावरचा उमेर येतो,
सहा सुया ओवून उशीत टोचून जातो.
मेणबत्तीच्या उजेडात ओवायची मी एके काळी;
आता नेढं माझ्याशी लपाछपी खेळतं.
पहिल्यांदा मागावं लागलं तेव्हा जीभ जड झाली होती.
आता त्याच्या चपलांचा आवाज ऐकायला कान, म्हणजे उजवा, लावून बसते.
डोळ्यातलं बारीक काम ज्यानं काढून घेतलं
त्यानंच दाराशी नऊ वर्षांचा पोरगा धाडला.
असले व्यवहार मी तपासत नाही. सही करते.

त्या सहा दोऱ्यांत झगा आत घेतला.
बाजूंचं, पायाशी उतरलेलं, मिळून हातभर कापड उरलं,
पांढरं, एकदाही न मळलेलं.
त्याच आठवड्यात लुर्दिनाच्या नातीला मुलगी झाली.
मी टोपडं शिवलं. कडेला तीन क्रूस,
पांढऱ्यावर पांढरे,
अंधारात बोटांनीच सापडतील असे.

रविवारी बाप्तिस्मा. गडबडीत टोपडं काढायचं राहिलं,
फादरनी तसंच पाणी ओतलं, पोरगी किंचाळली,
मला दोन्ही कानांनी ऐकू आलं.
मातीसाठी राखलेलं कापड
आधी पाण्यात भिजलं.
मी बाकावर बसून होते, गुडघे टेकता येत नाहीत म्हणून.
कुणाला काही सांगितलं नाही.

येशू, तुझा अंगरखा म्हणे बिनशिवणीचा होता,
वरपासून खालपर्यंत एकसंध.
आल्या आल्या तो दाखव. उलटा करून बघेन.
बाकी सगळं विश्वासानं घेतलं,
हे एवढं शिंपिणीला डोळ्यांनी बघायचंय.

तोवर झगा पुन्हा ट्रंकेत, डांबरगोळ्या नव्या.
आत घेतला खरा,
पण बाजूंना अर्धा-अर्धा इंच
माया सोडलीय.
कुणी सांगावं,
तिथं गेल्यावर अंग भरलं तर.