वरचे पाच सेकंद

आमच्याकडे रेडिओ एक, अँटेना एक
आणि भावंडं दोन.
उर्पो बहात्तरचा, मी एकोणसत्तरची.
हाइलुओटो बेटावर जानेवारीत दिवस येतो
तो बूटही न काढता दारातूनच परततो,
मग रात्र उरते, आणि रात्रीला काहीतरी लागतंच.

भाचा आला ओउलूहून, सामुली.
लॅपटॉप उघडून म्हणाला, कुठलं सॉफ्टवेअर टाकू?
जणू विचारत होता, साखर किती.

उर्पोला एफटी-एट हवं.
पंधरा सेकंद पाठवायचं, पंधरा सेकंद ऐकायचं.
हवामान नाही, तब्येत नाही, नावसुद्धा नाही.
माझी खूण, तुझी खूण, उणे एकोणीस डेसिबल,
धन्यवाद, पुढचा.
एका रात्रीत बत्तीस देश होतात म्हणे.
माझा भाऊ दिवसाला चार शब्द खर्च करतो,
त्यातला एक कुत्र्यासाठी.
न बोलता भेटता येतं हे ऐकून
म्हाताऱ्याचे कान लाल झाले.

मला हवं ऑलिव्हिया.
त्यात गोंगाटातून एकेक अक्षर वर येतं,
सावकाश,
पलीकडचा चष्मा शोधत असावा इतकं सावकाश.
पण वाक्य येतं. पुरतं वाक्य, क्रियापदासकट.
"तिथे आता असतं कोण?" उर्पो म्हणाला.
तो त्या दिवसाचा त्याचा सगळा हिशेब.

म्हणून आधी त्याचं.
तीन रात्री पडद्यावर रंगीत धबधबा कोसळत राहिला,
रेघाच रेघा, माणसंच माणसं,
आणि एक नाव हाती लागेना.
मी अँटेनाचा ताण पाहिला, तारा हलवल्या,
उर्पोने रेडिओला शिवी दिली. (शिव्या तो मोजत नाही.)

दोष घड्याळाचा निघाला.
आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे,
वडिलांनी केलेलं, फेरीबोट चुकू नये म्हणून.
वडील गेले, बोटी बदलल्या,
काटे मागे घ्यायला कुणी खुर्चीवर चढलं नाही.
उर्पोने लॅपटॉप त्यालाच लावला होता.
सामुली फोनवर हसला,
"सात मिनिटं खपली असती, मामा,
नडले ते वरचे पाच सेकंद."

जग पंधरा-पंधरा सेकंदांच्या डब्यांत बसलेलं,
आणि आम्ही प्रत्येक डबा
मधूनच उघडत होतो.

शेवटी दोन्ही प्रोग्रॅम टाकले.
एक चालू असला की दुसरा म्हणतो, पोर्ट व्यस्त आहे;
आमच्या घरात इतकं सभ्य
अजून कुणी बोललेलं नाही.
गुरुवार माझा. बाकी आठवडा त्याचा.

परवाच्या गुरुवारी लॅब्राडोरहून एक हेडली आला.
अक्षरं तुटत होती, जुळत होती:
तु_च्याकडे ब_्फ कसा आहे
मी कॉफी ठेवायला उठले.
कॉफी उतू गेली, शेगडी पुसली, कुत्र्याला बाहेर सोडलं,
परत आले तर माझ्या खुर्चीत उर्पो,
दोन बोटांनी टाइप करत.

मी मागे उभी राहून वाचलं.
बर्फ चाळीस सेंटिमीटर. रस्ता अजून खुला नाही.
एकोणीसशे अडुसष्टला वडिलांचा ट्रॅक्टर
किनाऱ्यापासून दोनशे मीटरवर खचला,
मी पुढे चालत होतो, कंदील माझ्या हातात होता,
मी म्हणालो होतो, चला, घट्ट आहे.
ते पोहत आले. कधी काही बोलले नाहीत.
मीही नाही.

मला हे ठाऊक नव्हतं.
त्या वर्षी त्यांना खोकला लागला एवढंच ठाऊक होतं.

लॅब्राडोरकडून बराच वेळ नुसती खरखर.
मग: स_जलं. सगळं आलं. थोडं गळालं, पण आलं.

सकाळी मी विचारलं, झोप कशी लागली?
उर्पोने पावाला लोणी लावलं, कडेपर्यंत, नीट.
"उणे एकोणीस," म्हणाला.

मी नोंदवही उघडली, तारीख घातली,
वेळ स्वयंपाकघरातल्या घड्याळाची लिहिली
आणि पुढच्या रकान्यात बरोबरची खूण केली.