नाकासमोर

सोरकानं गाडी चार बोटं खाली आणली.
आखूड पिवळ्या स्प्रिंगा, दोन महिन्यांचा पगार.
अंगणात उभी असली की देखणी दिसे जुनी एस्कॉर्ट,
पाखरावर दबा धरलेल्या मांजरीसारखी.

पण डोनेगलचा हा रस्ता दलदलीवर तरंगतो.
खाली खडक नाही, शेवाळ आहे,
हजारो वर्षं कुजलेलं,
लोक तेच कापतात, वाळवतात, शेगडीत घालतात.
वरचं डांबर इथे फुगतं, तिथे बसतं,
आणि दर उंचवट्याला
गाडी आपल्या मनानं ठरवायची कुठे जायचं.
स्टिअरिंग सरळ, हात सरळ,
बोनेट मात्र खंदकाकडे,
बोलता बोलता एखाद्याची नजर
दाराकडे जावी तसं.

अलाइनमेंट कर, म्हणाले सगळे. केली.
अंगणात सुतासारखी. रस्त्यावर तेच.

मग ती मॅनसकाकाकडे गेली.
बापाचा सख्खा भाऊ; अकरा वर्षं अबोला,
पीटच्या एका पट्ट्यावरून,
ज्याची रुंदी या गाडीच्या लांबीइतकीही नाही.
त्यानं घरचं काहीच विचारलं नाही.
म्हणाला, उभं असताना सगळेच सरळ असतात.
चाक वर गेल्यावर काय करतं ते बघू.

स्प्रिंग काढली. चाक काढलं.
चाकाच्या जागी ॲल्युमिनियमची पाटी,
पाटीला टेकलेले दोन डायल, एक पुढे, एक मागे.
जॅकनं हब उचलायचा, एका वेळी बोटभर,
आणि काटे वाचायचे.
सोरका वाचायची, तो पाकिटाच्या पाठीवर लिहायचा.
वीस. पस्तीस. साठ.
बाहेर पाऊस नव्हता, नुसतं ओलं होतं.

हे बघ, म्हणाला, खालचा आर्म इथून झुलतो,
स्टिअरिंगचा दांडा तिथून.
दोघं एकच चाक धरून आहेत
आणि दोघांचं वर्तुळ वेगळं.
तू गाडी खाली घेतलीस, तेव्हा दांड्याचं टोक वर गेलं.
चाक उचललं की तो त्याला आत ओढणारच.
दांड्याचा दोष नाही.
एवढं सलग तो त्या वर्षात
बहुधा कुणाशी बोलला नसेल.

जुनं टोक काढून फेकलं.
नवं आलं होतं खोक्यातून: गोल सांधा, लांब बोल्ट,
आणि पोलादी वायसर, सुट्या नाण्यांसारखे.
एक वायसर घातला, सांधा तेवढा खाली.
जॅक. काटे. चाळीस.
दोन. बावीस.
चार घातले, तर काटा उलट्या अंगाला गेला,
चाक आता बाहेर बघायला लागलं.
मॅनस हसला, पहिल्यांदाच. एक परत काढला.
तीन. चार शतांश, मग तीन, मग पाच.
शून्य कर ना, ती म्हणाली.
शून्य गॅरेजात येतं, तो म्हणाला, रस्त्याला एवढं पुरतं.
दुसऱ्या बाजूला तेच सगळं पुन्हा,
तोवर चहाचे तीन कप, आणि अंधार.

पहाटे ती त्याच रस्त्यानं निघाली.
पहिला उंचवटा आला, आणि गाडी डावीकडे ओढली गेली.
पोटात गोळा.
दुसरा आला. पुन्हा डावीकडे.
तिसऱ्याला तिनं हात सैल सोडले
आणि गाडी गेली, नाकासमोर,
जणू खाली काही फुगलंच नव्हतं.
ओढत होते ते तिचेच हात.
दोन महिने उजवीकडे पळणाऱ्या गाडीला
उंचवटा यायच्या आधीच सावरायला शिकलेले,
आता सावरायला काही नाही,
तरी सावरणारे.
त्यांच्यासाठी वायसर मिळत नाहीत.

संध्याकाळी बाप चाकापाशी उकिडवा बसला.
नटावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ होती,
सुटला तर कळावा म्हणून.
अशी रेघ या भागात एकच माणूस ओढतो.
अंगठा फिरवला तिच्यावरून.
बराच वेळ काही बोलला नाही.

किती वायसर?
तीन.
हं, म्हणाला. आधी चार घातले असतील.