आठ मोहऱ्यांचं कोटेशन

धैर्यवानबाई जिना चढून आल्या तेव्हा
दुकानातला एसी बंद पडला होता,
मी बिलबुकाने वारा घेत होतो.
म्हणाल्या, बुद्धिबळाचे सगळे शेवट साठवायचे आहेत,
आठ मोहऱ्यांपर्यंतचे.
किती जागा लागेल, लिहून द्या.

लॅमिंग्टन रोडवर गिऱ्हाईक विचारतं,
लग्नाच्या शूटिंगला किती लागेल,
सीसीटीव्हीच्या तीस दिवसांना किती.
हे पहिलंच.

त्या सांगत गेल्या, मी बिलाच्या पाठीवर मांडत गेलो.
नुसते दोन राजे धरा, शेजारी शेजारी बसवायचे नाहीत.
पट फिरवला, आरशात धरला तरी तोच,
म्हणून मांडण्या चारशे बासष्ट.
आता वजीर आणा. त्याला उरली बासष्ट घरं:
अठ्ठावीस हजार सहाशे चव्वेचाळीस.
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये छत्तीस वर्षं काढलेली बाई,
न बघता सांगत होती.
हत्ती आला, गुणिले एकसष्ट.
उंट आला, गुणिले साठ.
पाच मोहऱ्यांत दहा कोटींच्या वर,
आणि हा एकच संच.
उंटाऐवजी घोडा, घोड्याऐवजी प्यादं,
प्रत्येकाचं खातं वेगळं.

पाचांचं सगळं मिळून एक जीबी, सहांचं दीडशे,
सातांचं सतरा-अठरा टीबी,
तेही दाबून, ट्रंकेत शालू कोंबावेत तसं.
आठांचा मी अंदाज बांधला: दोन पेटाबाइट.
सोळा टीबीच्या सव्वाशे डिस्क.
गोदरेजचं एक कपाट पुरेल,
पण एकीला तीस हजार धरले तर
साडेसदतीस लाख.
एवढ्यात विरारला खोली येते, बाई.

खोली आहे मला, त्या म्हणाल्या. शेवट नाही.

पर्समधून रबरबँड लावलेली पोस्टकार्डं निघाली.
भायखळ्याचा रूबेन पेणकर,
एका कार्डावर एक चाल.
एकाहत्तरात तो इस्रायलला गेला,
मग निळे एरोग्राम, तीन तीन आठवड्यांचे.
अडतिसाव्या चालीनंतर काहीच आलं नाही.

मला खेळ येत नाही, जागा कळते.
दोन राजे, दोन हत्ती,
आणि चार प्यादी, नाकाला नाक लावून उभी.
बाई, ही हलत नाहीत ना?
कुणी मारेपर्यंत नाही.
आणि एक मेलं की सात, सातांचं उत्तर लिहून ठेवलेलंच आहे.
मग यांची जागा मी कशाला मोजतोय?
फिरते चारच, घरं साठ.
साठ गुणिले साठ, पुन्हा साठ, पुन्हा साठ,
चाल कुणाची म्हणून दुप्पट.
अडीच कोटी, वर थोडं.
वरच्या आकड्यावर मी आडवी रेघ मारली.
पंचवीस-सव्वीस एमबी.
बारशाचा व्हिडिओ याहून मोठा असतो.

माझ्या पुतण्याने दोन रात्री मशीन चालवलं.
गुरुवारी बाई आल्या.
कसं सांगावं म्हणून मी आधी चहा मागवला.
तुम्ही हरताय, म्हटलं. त्रेचाळीस चालींत.

त्यांनी बिलबुक ओढलं, माझंच पेन घेतलं.
जायला तीन आठवडे, यायला तीन,
गुणिले त्रेचाळीस.
दोनशे अठ्ठावन्न.
खाली बावन्न लिहून भागाकार केला,
बाकी सोडून दिली.
पाच वर्षं होती की अजून, म्हणाल्या,
आणि विचारलं,
सगळ्यात लहान पेनड्राइव्ह जीएसटी धरून कितीला.