लांब की खोल

सवरिमुत्तूनं कुदळ खांद्यावरून उतरवली
आणि मला विचारलं, लांब खणू की खोल?

पहाटेचे चार. कावेरीवर धुकं नव्हतं,
पलीकडच्या वीटभट्टीचा धूर होता नुसता.
आत झोपडीत, चटईवर,
स्वामी अक्षरानंद, पासपोर्टात लीव्हेन दे वाख्तर,
हनुवटीला पंचा बांधून निजलेले,
दाढ दुखणारा माणूस निजतो तसे.

लांब म्हणजे ख्रिस्ती माणसाचं:
पाठ टेकून, पाय पूर्वेला,
कर्णा वाजायची वाट बघत.
खोल म्हणजे संन्याशाचं:
मांडी घालून, कणा ताठ, भोवती मीठ आणि विभूती,
आता कुठे जायचंच नाही अशा बेतानं.

त्यांनी सांगून ठेवलं नव्हतं.
किंवा ठेवलं असेल, पण शेवटच्या आठवड्यात
ते ज्या भाषेत बोलत होते
ती आमच्यात कुणालाच येत नव्हती.
आईशी असावं. मधूनमधून हसत होते.

एकेचाळीस वर्षं.
आले तेव्हा काळा झगा, खिळ्यांचे बूट,
मठाधिपतींचं एक पत्र.
बूट वाळवीनं खाल्ले,
झग्यानं आरोक्कियम कंदिलाच्या काचा पुसायचा.
नदीत उभं राहून पहिल्यांदा भगवं नेसले,
ते सुटलं,
आणि काठावरच्या धुणं धुणाऱ्या बायका
पोट धरधरून हसल्या.
तीच माझी दीक्षा, म्हणायचे.

मांडी मात्र कधी जमली नाही.
चिंचेच्या लाकडाचा वीतभर उंच पाट,
त्यावर ध्यान.
गुडघ्यांवर थापटी मारत सांगायचे:
बाकी सगळा आलो रे इकडे,
हे दोघे अजून गेंटमध्येच आहेत.

संध्याकाळी स्तोत्र तमिळमधून, मग ओंकार,
मग ती लांबलचक शांतता,
जिच्यात मला फक्त डास ऐकू यायचे.
भाकर मोडण्याआधी आठ दिशांना आठ फुलं.
गावच्या चर्चचे फादर म्हणत, हा हिंदू झाला.
चहाच्या टपरीवर म्हणत, हा बाटवायला आलाय.
पोंगलला केळीचा घड
दोन्हीकडून यायचा.

एकदा मी विचारलं
(नवा होतो, उत्तरं हवी असायची),
स्वामी, तुम्ही नक्की कुठल्या काठाचे?
ते तांदूळ निवडत होते.
एक खडा काढला, उजेडात धरला,
म्हणाले,
पाणी किती उतरलंय बघ यंदा.
अकरा वर्षं मी त्याचा अर्थ लावतोय.
कदाचित पाणीच उतरलं असेल.

खोल, मी म्हणालो सवरिमुत्तूला.
कमरेएवढं झालं आणि ओली रेती लागली.
कडा ढासळू लागल्या,
जितकं उपसावं तितकं भरे.
मग लांब करून बघितलं,
तिथे आडवं आलं चिंचेचं मूळ.
ऊन चढलं. त्रिचीहून बिशपांचा माणूस निघाला होता.
शेवटी जे झालं ते लांबही नाही, खोलही नाही,
गोलसर,
कोंबडी बसायला उकरते तसं.

आम्ही त्यांना कुशीवर ठेवायचं ठरवलं.
गुडघे अडून बसले.
आरोक्कियमनं तिळाचं तेल कोमट केलं
आणि चोळत राहिला, तासभर,
एक अक्षर न बोलता.
मग ते वाकले.
पोटाशी आले.

प्रभूचं नाव घेतलं, ओम म्हटलं.
बिशपांच्या माणसानं घड्याळ बघितलं.
सवरिमुत्तूनं माती लोटली, मजुरी मोजून घेतली,
लुंगी झटकत म्हणाला,
माझी धाकटी अशीच निजते.

पाट उरला,
मधोमध झिजलेला.
कालपासून आरोक्कियम त्यावर बसून
गाईची धार काढतो.