चार बोटं खाली

साडेसातला यंत्रं घरघरू लागतात
आणि लाकडी जमिनीतून माझ्या तळव्यांना मुंग्या येतात.
तामाहाऊ पहिली मेंढी पाठीवर टेकवतो,
पोटापासून सुरुवात करतो.
पोटाखालची लोकर वेगळी: आधी निघते, आधी फेकली जाते,
त्या टोपलीकडे कुणी दोनदा बघत नाही.

मग उरलेली सगळी एकसंध उतरते,
मेंढीच्या आकाराची, फक्त आत मेंढी नाही.
कुइनी ती मागच्या पायांकडून कवेत घेते,
धावत येऊन टेबलावर उडवते,
खाटेवर चादर झटकावी तशी.
वरून मळकी, राखाडी, ओटॅगोच्या धुळीची;
बोटांनी फाक पाडली की आत साय.

कडा आम्ही भाजी निवडावी तशा निवडतो.
लेंड्या, कुसळं, घामाने पिवळी पडलेली किनार,
हे इकडे, ते तिकडे, हात थांबत नाहीत.
त्यानंतर माझं काम.
खांद्याजवळची एक बट उपटायची,
उजेडात धरून लहरी मोजायच्या,
दोन्ही टोकं चिमटीत ताणून
कानाशी नेऊन टिचकी मारायची.
चांगली लोकर वाजते.

हे मला राविनियाने शिकवलं. आता तिची बोटं वळत नाहीत.
म्हणायची, मऊ लागलं की सगळेच भुलतात,
तू भुलू नकोस. ताण, आणि ऐक.

बुधवारी डोंगरावरचा कळप आला.
पहिली बट वाजली नाही. तुटली.
दुसरीही तुटली.
विसाव्या मेंढीपर्यंत मी मोजणं सोडून दिलं;
सगळ्या एकाच जागी तुटत होत्या,
टोकापासून चार बोटं खाली.

एका बटेत वर्ष असतं.
टोकाला मागचा सप्टेंबर, मुळाशी आजची सकाळ,
चार बोटं खाली जून.
जूनमध्ये एलस्पेथ डनेडिनच्या हॉस्पिटलात होती.
मर्डो तिच्या खाटेशी बसून होता.
तिसऱ्या दिवशी बर्फ पडला.
शेजाऱ्यांनी खालच्या कुरणांत चारा टाकला;
वर जायची वाट कुणाला सापडली नाही.

तो टेबलाशी आला. टोपी हातात.
एक बट घेतली, ताणली. आणखी एक.
"नऊ दिवस," म्हणाला.
मी काही बोलले नाही.
"कुठे घालशील?"

वरच्या प्रतीत थोडी मिसळता आली असती.
गासडीवर माझा नंबर असतो, नाव नसतं.
पण गिरणीत धागा तुटला असता,
आणि तिथल्या कुणाला जून माहीत नसता.
आमच्या धंद्यात अशा लोकरीला हळवी म्हणतात.
दुसरा शब्द असता तर तो वापरला असता.
मी हळव्याच्या खणाकडे बोट केलं.

त्याने कुइनीला थांबवलं,
ती घडी स्वतः उचलली,
स्वतः नेऊन खणात ठेवली.
टाकली नाही, ठेवली.
दहा वाजता चहाबरोबर
दुकानातली बिस्किटं होती, पुडा नीट न फोडलेला.
तामाहाऊने तीन खाल्ली आणि छान आहेत म्हणाला.

अकरा गासड्या हळव्या निघाल्या.

संध्याकाळी भादरलेल्या मेंढ्या फळकुटावरून घसरत
थंडीत उतरल्या, पांढऱ्या, हाडकुळ्या, चिडलेल्या.
मर्डो फाटकाशी मोजत होता, ओठ हलत होते.
शेडच्या खांबावर दरवर्षीचे आकडे आहेत
पेन्सिलीने, एकाखाली एक,
सगळे तिच्या अक्षरात.
तो पेन्सिल घेऊन बराच वेळ उभा राहिला.

मग माझ्याकडे धरली.
"तुझं अक्षर बरं आहे."
माझ्या हातांना मेण होतं, पेन्सिल निसटत होती.
एकोणीसशे सात, तो म्हणाला.
मागच्या वर्षी दोन हजार एकतीस होत्या,
वरच्याच ओळीत लिहिलेलं होतं.
सात जरा तिरपा आला.
त्याने तो पुसला नाही, मलाही पुसू दिला नाही.