भाड्याच्या माश्या

रात्री ट्रकातून चाळीस पेट्या उतरवल्या
खोरेझमच्या कालव्याकाठी, ओनाबीबीच्या खरबुजांत.
अंधारात मागचं चाक बांधावर चढलं, माती दबली,
त्याचं काय एवढं.
भाडं आगाऊ. तिनं रुमालाची गाठ सोडली,
मी थुंकी लावून नोटा मोजल्या, दोनदा.

खरबुजाचं फूल उजाडताना उघडतं
आणि दुपारच्या चहाआधी मिटतं, कायमचं.
मादीफुलाखाली बोराएवढं, लव आलेलं फळ
आधीच बसलेलं असतं, वाट बघत.
एका माशीनं त्याचं भागत नाही.
दहा-बारा तरी याव्या लागतात, अंगभर पिवळं माखून.

माझ्या आल्या.
तीन दिवस आल्या.
चौथ्या दिवशी पलीकडं मतनझरची लसूणघास फुलली, जांभळी,
आणि चाळीसच्या चाळीस पेट्या
ओनाबीबीच्या डोक्यावरून तिकडं गेल्या.

मी पाहिलं. बोललो नाही.
नोटा खिशात होत्या.

ती बांधावर उकिडवी बसलेली, वाटी हातात.
बांध खारवट, पांढरा;
ट्रॅक्टर तिथं वळत नाही म्हणून नांगर न लागलेला.
मातीत खिळ्यानं पाडावीत तशी भोकं,
आणि भोकातून तांदळाच्या दाण्याएवढ्या माश्या,
काळ्या, जरा हिरवट, एकेकट्या,
निघत होत्या आणि थेट तिच्या फुलांवर बसत होत्या.

"ह्यांना काय म्हणता तुम्ही?"
"ह्यांना कुणी पाळत नाही," मी म्हणालो.
"मी नाव विचारलं."

मला येत नव्हतं.
तिनं चहाचा गाळ भोकांवर पडू नये म्हणून
पाठीमागं वळून ओतला.

ऑगस्टात तिनं दोन खरबुजं कापली माझ्यासमोर.
बांधाजवळचं गोल, आत बिया ठासून.
रानाच्या मधलं एका कुशीला बसकं,
त्या बाजूच्या बिया चपट्या, नुसती टरफलं.
सुरीच्या टोकानं तिनं एक पोकळ बी उचलली.
"इथं कुठं माशी शिंकली?"

मी लसूणघासेचं सांगून टाकलं.
नोटांचंही.

गोल खरबुजाची फोड माझ्याकडं सरकवून
ती बसकं खात राहिली, गोड बाजूनं.
मग हात पुसत म्हणाली,
"पुढच्या साली वीसच आण.
आणि ट्रक बांधावर चढवू नकोस."