तीन हजारांच्या आत

माझ्या परवान्यावर एक ओळ टाइप केलेली आहे:
ढोबळ टनभार तीन हजारांहून कमी,
सफर किनाऱ्यालगतची.
ढोबळ म्हणतात,
पण एका टनाचीही सूट नाही.
अकरा वर्षं मी त्या ओळीच्या आत राहतो.

बेलापूरला झेरॉक्सच्या दुकानावर वर्ग भरायचा.
कॅप्टन रेग्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं,
टन म्हणजे काय?
मी म्हटलं, वजन.
सगळा वर्ग माझ्याच बाजूचा होता.
त्यांनी चहा संपवला, ग्लास उपडा केला,
थेंब झटकला, आणि आतली पोकळी दाखवली.
"हे. जहाज जड किती, ते इथे कुणी विचारत नाही.
भिंतींनी आणि छपरांनी किती हवा कोंडली,
तेवढीच मोजतात."
खाली मशीन कुणाची तरी मार्कशीट
एकसारखी ओकत होतं.

आजाचा मचवा खंडीत मोजायचे.
तीनशे खंडी म्हणजे एवढं भात, एवढं मीठ,
हात घालून बघता येईल असं माप.
दिवाळ्याच्या धक्क्यावर त्याला कुणी कागद विचारला नाही.
माझा परवाना त्याने उन्हाकडे धरला,
नोट खरी की खोटी बघावी तसा.
"तुजे कागदान दर्या मावतो का रं?"
मावतो, आजा.
गुजरातपासून गोव्यापर्यंत मावतो.
उंची मात्र बेताची आहे.

'जयगौरी' दोन हजार नऊशे ब्याऐंशी.
मुद्दाम तशीच बांधलेली,
फोटोपुरतं पोट आत ओढून उभी राहिल्यासारखी.
नांगरलेल्या मोठ्या जहाजांचा कोळसा पोटात घ्यायचा
आणि भरती धरून धरमतरच्या खाडीत शिरायचं.
अंधारात कुठलं वळण कधी येतं
ते मला तळव्यांना कळायचं.

मग मालकाला डेकवर कोठार हवं झालं.
सहा मीटर लांब, पाच रुंद, तीन उंच.
आठवडाभर वेल्डिंगच्या ठिणग्या,
वर पांढरा रंग, दाराला नवी कडी.
सर्वेक्षक आला. टेप लावला.
छत्रीच्या मुठीवर वही टेकवून आकडेमोड केली.
जयगौरी तीन हजार सात झाली
आणि मी अपात्र.

तेच सुकाणू, तेवढंच पाणी तळाखाली,
कोळशाचा खडासुद्धा जास्तीचा नाही.

नेरूळला घरी आलो. दर्शना भाजी निवडत होती.
सगळं ऐकून म्हणाली,
"आपण बाल्कनीला काचा लावल्या
तेव्हा पालिकेची नोटीस आली होती, आठवतं?
वारा होता तोवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं."
आणि देठं कागदात गुंडाळायला लागली.
मला हसू आलं, मग जरा वेळाने आलं नाही.

पुढच्या परीक्षेचा अर्ज टीव्हीखाली आहे.
शेहेचाळिसाव्या वर्षी स्थिरतेची गणितं,
सराव म्हणून रोज दोन सोडवतो.
एक चुकतं.

माझ्या जागी शौनक आलाय,
सव्वीस वर्षांचा, परवान्यावर कसलीच मर्यादा नाही.
परवा रात्री दीडला त्याचा फोन.
"काका, रेवसच्या पुढे गाळ कुठे चढतो?
नकाशात दिसतंय ते आणि समोरचं जुळत नाही."
मी अंथरुणात उठून बसलो.
विझलेली बोयी डाव्या हाताला सोड,
चुन्याच्या भट्टीसारखं काही दिसेल, तिथवर सरळ,
मग हळू. अजून हळू.
ओहोटी लागायच्या आत वळ.
पलीकडे इंजिनाचा आवाज उतरत गेला,
माझ्या पायांना कळला.

वळण निघाल्यावर तो मोकळं हसला. म्हणाला,
"काका, ते कोठार उघडलं आज.
आत काहीच नाही हो. एक झाडू आहे."

मी म्हटलं, दार नीट लावून घे.
पंचवीस टन आहे ते.